आइसलँड : भूमी, हवामान आणि भाषा यांचा अनुबंध

प्रास्ताविक

युरोप खंडाचा अभ्यास करताना फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, इटली या मोठ्या राष्ट्रांकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. उत्तर अटलांटिक महासागरात, आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेल्या आइसलँडचा उल्लेख आपल्याकडील भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत ज्वालामुखी आणि उष्णोदकाचे फवारे यांच्या उदाहरणापुरता येतो व तेथेच थांबतो. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाइतके आहे. लोकसंख्या मात्र चार लाखांहूनही कमी आहे. आपल्याकडील एखाद्या मध्यम शहरात मावेल एवढ्या या समाजाला स्वतःची संसद, विद्यापीठ, वृत्तपत्रे, रंगभूमी आणि नोबेल पारितोषिक मिळविणारा कादंबरीकार (हाल्दोर लाक्सनेस, १९५५) आहे.

याहूनही लक्षणीय बाब भाषेची आहे. तेराव्या शतकात रचलेल्या गद्यकथा, ज्यांना ‘सागा’ असे म्हणतात, आजचा आइसलँडर शुद्धलेखन अद्ययावत केलेल्या आवृत्तीतून फारशा सायासाविना वाचू शकतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी आज वाचताना मराठी वाचकास शब्दकोशाची व टीकेची किती गरज भासते, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व ध्यानी येते. आइसलँडची भाषा तेथील लोकांच्या भाषाभिमानामुळे टिकली, असे सर्वत्र सांगितले जाते. हे विधान असत्य नाही, परंतु अपुरे आहे. त्या भूमीने व हवामानाने जी जीवनपद्धती लादली तिने भाषा राखली. अभिमान बराच नंतरचा आहे. ती जीवनपद्धती आता उरलेली नाही, म्हणूनच तेथील भाषेचा प्रश्न आज नव्याने उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखात या अनुबंधाचा परामर्श घेतला आहे.

भूरचना : घडत असलेली भूमी

मध्य अटलांटिक ही जलमग्न पर्वतरांग महासागराच्या तळाशी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंस उत्तर अमेरिकी व युरेशियन हे भूपट्ट एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने दूर सरकत आहेत. ही रांग जवळजवळ सर्वत्र पाण्याखाली आहे. आइसलँड येथे मात्र तिच्या जोडीला भूगर्भातून वर येणाऱ्या तप्त द्रव्याचा एक स्वतंत्र स्रोत असल्याने ती समुद्रसपाटीच्या वर आली आहे. साहजिकच देशाची भूमी मध्यभागी फाटते, फाटलेल्या ठिकाणी लाव्हा वर येतो आणि नवी जमीन तयार होते. बेटाच्या पूर्व व पश्चिम टोकांस सर्वांत जुने खडक आढळतात, तेही सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपेक्षा जुने नाहीत.

महाराष्ट्रातील अभ्यासकास या भूमीची ओळख पटण्यास वेळ लागू नये. दख्खनचे पठार घडविणारा बेसाल्ट खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांतून बनला. आइसलँडमध्ये तीच क्रिया आजही चालू आहे. देशाच्या वायव्येकडील फ्योर्डच्या प्रदेशात सह्याद्रीप्रमाणेच थरावर थर रचलेले, पायऱ्यापायऱ्यांचे व सपाट माथ्याचे डोंगर दिसतात. ‘डेक्कन ट्रॅप’ या संज्ञेतील ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरूनच आलेला आहे. फरक एवढाच, की सह्याद्रीचे थर थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटली आणि आइसलँडच्या थरांवर माणसे राहत असतानाच नवे थर पडत आहेत.

याची उदाहरणे अलीकडच्या काळातही विपुल आहेत. नोव्हेंबर १९६३ मध्ये दक्षिण किनाऱ्याजवळ समुद्रतळावर उद्रेक होऊन सुर्टसे हे नवे बेट पाण्यावर आले. जानेवारी १९७३ मध्ये वेस्टमन द्वीपसमूहातील हेइमाए बेटावर गावाला लागूनच जमीन दुभंगली. सुमारे ५,३०० रहिवाशांना एका रात्रीत मासेमारीच्या नौकांतून हलविण्यात आले. सुदैवाने वादळामुळे नौका त्या दिवशी बंदरातच होत्या. पुढे बंदराचे तोंड लाव्हाने बुजू नये म्हणून त्यावर महिनोन्‌महिने समुद्राचे पाणी मारून तो थिजविण्यात आला व बंदर वाचले. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुल या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमानवाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

सुमारे आठ शतके शांत असलेल्या नैर्ऋत्येकडील रेक्यानेस द्वीपकल्पात मार्च २०२१ मध्ये पुन्हा उद्रेक सुरू झाले. १० नोव्हेंबर २०२३ रोजी भूकंपांची मालिका व जमिनीतील भेगा यांमुळे ग्रिंडाविक हे सुमारे ३,८०० वस्तीचे मच्छीमार गाव रिकामे करावे लागले. १४ जानेवारी २०२४ रोजी लाव्हा गावाच्या वेशीत शिरून तीन घरे जळाली. पुढील महिन्यात लाव्हाने गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडल्याने ऐन हिवाळ्यात वीस हजारांहून अधिक लोकांची घरे उष्णतेविना राहिली. २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत तेथे पुनःपुन्हा उद्रेक होत राहिले. लाव्हाचा ओघ वळविण्यासाठी मातीचे उंच बांध घालण्यात आले व त्यांचा उपयोगही झाला. तथापि बहुतेक ग्रामस्थांनी आपली घरे शासनाने स्थापन केलेल्या कंपनीस विकून अन्यत्र स्थलांतर केले.

तरीही आइसलँडच्या इतिहासातील सर्वांत भीषण उद्रेक लाकी येथील होय. ८ जून १७८३ रोजी सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून लाव्हा वाहू लागला तो आठ महिने वाहत राहिला. या उद्रेकात मनुष्यहानी लाव्हाखाली सापडून झाली नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. बाहेर पडलेल्या वायूंतील फ्लोरिन गवतावर बसले, ते गवत खाऊन जनावरे मेली आणि जनावरे मेल्यामुळे माणसे उपासमारीने मेली. देशातील सुमारे ऐंशी टक्के मेंढ्या व निम्मी गुरे नष्ट झाली. लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा मृत्युमुखी पडला. या कालखंडास आइसलँडिक भाषेत ‘धुक्याचे हाल’ अशा अर्थाचे नाव आहे. योन स्टेइनग्रिमसन या ग्रामीण धर्मोपदेशकाने उद्रेकाचे जे तपशीलवार टिपण लिहून ठेवले त्याचा आधार आजचे भूशास्त्रज्ञही घेतात. पन्नास हजारांच्या आत लोकसंख्या असलेल्या, उपाशी देशातील एका खेडेगावात असा निरीक्षक व लेखक निपजावा, याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

देशाचा सुमारे एक दशांश भाग हिमनद्या व हिमटोपांनी व्यापलेला आहे. त्यांपैकी व्हात्नायोकुल हा सर्वांत मोठा होय. या बर्फाखाली ज्वालामुखी जागे झाले की वितळलेले पाणी साठते व एकाएकी फुटून बाहेर पडते. या महापुरासाठी ‘योकुलह्लोइप’ हा आइसलँडिक शब्दच जगभरच्या भूशास्त्राने स्वीकारला आहे, तसाच ‘गायझर’ हाही शब्द तेथील ‘गेइसिर’ या एका फवाऱ्याच्या नावावरून आलेला आहे. देशाचा मध्यवर्ती उच्च प्रदेश निर्जन असून वस्ती किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात आहे. बेटाला वळसा घालणारा सुमारे १,३०० किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता १९७४ मध्ये पूर्ण झाला. सार्वजनिक प्रवासी रेल्वे या देशात कधीच नव्हती.

हवामान

‘हिमभूमी’ या अर्थाच्या नावामुळे तेथील थंडीविषयी अतिशयोक्त कल्पना रूढ आहेत. वस्तुतः ६४ अंश उत्तर अक्षांशावर असूनही राजधानी रेक्याविकचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अटलांटिकमधील उष्ण सागरी प्रवाहाची एक शाखा बेटाच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्याला स्पर्श करते, हे त्याचे कारण होय. त्या देशाची खरी अडचण उन्हाळ्याची आहे. जुलैतील सरासरी तापमानही ११-१२ अंशांपलीकडे जात नाही. एवढ्या उष्णतेत धान्य भरवशाने पिकत नाही, गवत मात्र पिकते. बार्लीची लागवड मध्ययुगातच मागे पडत गेली आणि नंतर कित्येक शतके आइसलँडर मेंढी, दूध, मासे व लोकर यांवर जगला.

या अर्थव्यवस्थेत वाळलेल्या गवताची गंजी हेच धान्याचे कोठार होते. हिवाळा लांबला व गंजी संपली, तर गोठ्यातील जनावरे मारावी लागत आणि पुढच्या वर्षी माणसांवर पाळी येई. आपल्याकडील शेतकरी मृगाकडे डोळे लावून बसतो तसा तेथील शेतकरी गवताच्या कापणीच्या दिवसांत आभाळाकडे पाही. आपल्याकडे पाऊस येण्याची चिंता, तेथे तो थांबण्याची. जुन्या पंचांगात वर्षाचे उन्हाळा व हिवाळा असे दोनच भाग होते. एप्रिलच्या १९ ते २५ या तारखांच्या दरम्यान येणारा गुरुवार ‘उन्हाळ्याचा पहिला दिवस’ म्हणून आजही सार्वजनिक सुटीचा असतो, मग त्या दिवशी बर्फ पडत असला तरी हरकत नाही.

वारा व प्रकाश हे तेथील हवामानाचे आणखी दोन घटक होत. हवा दिवसातून अनेकदा बदलते. खिडकीतून पाहण्यास सुंदर, परंतु बाहेर पडण्यास अयोग्य अशा हवेसाठी ‘खिडकीची हवा’ असा एक स्वतंत्र शब्द आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात रेक्याविकला सूर्य जेमतेम चार तास दिसतो. जूनमध्ये रात्रीही पुरता अंधार पडत नाही. डिसेंबरातील या दीर्घ अंधाराचा सांस्कृतिक परिणाम पुढे विचारात घ्यावयाचा आहे.

हवामानबदलाच्या खुणा येथे स्पष्ट दिसतात. पश्चिमेकडील ‘ओक’ या हिमनदीस २०१४ मध्ये तज्ज्ञांनी मृत ठरविले, कारण ती स्वतःच्या भाराने पुढे सरकण्याइतकी जाड राहिली नव्हती. २०१९ मध्ये तेथे स्मृतिफलक बसविण्यात आला. जगातील डासविरहित अशा अगदी थोड्या प्रदेशांत या देशाची गणना होत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे उघड्यावर प्रथमच डास सापडले.

लोक आणि लोकजीवन

परंपरेनुसार इ. स. ८७४ च्या सुमारास इंगोल्फुर आर्नार्सन हा नॉर्वेजियन सरदार रेक्याविक येथे स्थायिक झाला. नॉर्वेतून आलेल्यांबरोबर स्कॉटलंड व आयर्लंड येथील माणसेही, काही पत्नी म्हणून तर काही गुलाम म्हणून, या बेटावर आणली गेली. आनुवंशिकीच्या अभ्यासातून असे दिसून येते, की मूळ वसाहतकारांतील पुरुष प्रामुख्याने स्कँडिनेव्हियन होते, तर स्त्रियांपैकी मोठा हिस्सा ब्रिटिश बेटांतील होता. रक्ताने मिश्र असलेला हा समाज भाषेने मात्र एकजिनसी झाला.

वसाहतीच्या वेळी सखल प्रदेशाचा बराच भाग भूर्जवनांनी आच्छादलेला होता. आइसलँडिक ‘ब्योर्क’, इंग्रजी ‘बर्च’ व संस्कृत ‘भूर्ज’ हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. सरपण, कोळसा व मेंढ्यांची चराई यांमुळे ही वने अवघ्या काही शतकांत नष्ट झाली, ज्वालामुखीची हलकी माती वाऱ्याने उडाली आणि भूमी उघडी पडली. नैसर्गिक भूर्जवन आज देशाच्या सुमारे दीड टक्का भूमीवर उरले आहे. निसर्गाने छळलेल्या समाजाचे चित्र रंगविताना ही बाजू झाकली जाऊ नये.

इ. स. ९३० पासून थिंगवेल्लिर येथे, भूपट्टांच्या फाटीतून तयार झालेल्या कड्यापाशी, दर उन्हाळ्यात ‘आल्थिंगी’ ही लोकसभा भरू लागली. देशास राजा नव्हता आणि आरंभी कायदे लिहिलेलेही नव्हते. ‘कायदा सांगणारा’ हा निवडलेला अधिकारी दरवर्षी कायद्याचा एक तृतीयांश भाग मुखोद्गत म्हणून दाखवी. १२६२-६४ मध्ये देश नॉर्वेच्या राजाच्या व पुढे डेन्मार्कच्या अधिपत्याखाली गेला. १६०२ ते १७८७ या काळात परकीय व्यापाराची मक्तेदारी डॅनिश व्यापाऱ्यांकडे होती. १९०४ मध्ये अंतर्गत स्वराज्य, १९१८ मध्ये सार्वभौमत्व आणि १७ जून १९४४ रोजी थिंगवेल्लिर येथेच प्रजासत्ताकाची घोषणा, असे स्वातंत्र्याचे टप्पे आहेत. या लढ्यात शस्त्र उचलले गेले नाही. त्याचे साधन भाषा व जुने वाङ्मय हेच होते.

या हजार वर्षांत आइसलँडमध्ये शहरे नव्हती. १८०१ मध्ये रेक्याविकची वस्ती सुमारे तीनशे होती. गावगाडाही नव्हता. दरीखोऱ्यांतून विखुरलेली एकेकटी शेतघरे होती. लाकूड दुर्मिळ असल्याने दगड व गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेल्या मातीच्या लाद्या रचून ही घरे बांधली जात. त्यांतील एकाच लांबट खोलीत, ‘बाडस्तोफा’ मध्ये, मालक, मुले, गडीमाणसे सारी झोपत व काम करीत. हिवाळ्यात दिवस मावळला की ‘क्वोल्डवाका’, म्हणजे सायंकाळचे जागरण सुरू होई. लोकर पिंजणे, सूत काढणे, विणणे ही कामे प्रत्येकाने हातांनी करावयाची आणि एकाने दिव्याजवळ बसून सर्वांना ऐकू जाईल असे वाचावयाचे अशी रीत होती. सागा वाचल्या जात, ‘रीमुर’ ही दीर्घ कथाकाव्ये एका विशिष्ट चालीवर गाइली जात, हाल्ग्रिमुर प्येतुर्सन याची सतराव्या शतकातील पन्नास भक्तिगीते उपवासकाळात रोज एक या क्रमाने म्हटली जात. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावण्याची जी रीत होती तिची आठवण येथे होणे साहजिक आहे; परंतु आइसलँडमधील वाचनात धार्मिकाइतकेच लौकिकही असे आणि त्याबरोबर विणलेला मोजा हा बाजारात विकला जाई.

अशा रीतीने लोकर, अंधार आणि पुस्तक यांची सांगड पडली. मुले वाचावयास घरातच शिकत व धर्मोपदेशक घरोघर फिरून त्यांची परीक्षा घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक सर्व प्रौढांस वाचता येत असे. सक्तीच्या शालेय शिक्षणाचा कायदा मात्र १९०७ मध्ये झाला आणि आइसलँड विद्यापीठ १९११ मध्ये स्थापन झाले. शाळेवाचून साक्षर झालेला समाज ही शिक्षणाच्या इतिहासातील एक दुर्मिळ घटना होय. लाकीच्या धर्मोपदेशकाचे टिपण याच परंपरेतून आले.

नावांची पद्धतही याच छोट्या समाजातील आहे. बहुतेक आइसलँडरांना आडनाव नसते. स्वतःचे नाव व त्यापुढे वडिलांचे (क्वचित आईचे) नाव ‘सोन’ म्हणजे मुलगा अथवा ‘दोतिर’ म्हणजे मुलगी हा प्रत्यय लावून येते. मराठी माणसाच्या तीन पदांतील तिसरे पद गाळावे तशी ही रचना आहे. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही, कारण ती कोणाची मुलगी हे बदलत नाही. दूरध्वनीची छापील सूची पहिल्या नावाच्या क्रमाने लावली जात असे. विद्यार्थी प्राध्यापकास व नागरिक राष्ट्राध्यक्षास पहिल्या नावानेच संबोधतात. १९८० मध्ये विग्दिस फिनबोगादोतिर या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. लोकांनी प्रत्यक्ष मतदानाने निवडलेल्या त्या जगातील पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख होत. तत्पूर्वी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी घरचे व बाहेरचे काम एक दिवस बंद ठेवले होते.

भाषेचे रक्षण

वरील विवेचनावरून हे लक्षात येईल, की आइसलँडिक भाषा स्थिर राहिली ती प्रथमतः परिस्थितीमुळे. परकी भाषा बोलणारी शहरे नव्हती, बाहेरून येणारे लोक नव्हते, जुना ग्रंथ घराघरांत मोठ्याने वाचला जात होता. जाणीवपूर्वक भाषारक्षण त्यानंतरचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रास्मुस रास्क या डॅनिश भाषापंडिताने रेक्याविकमध्ये डॅनिशचा इतका प्रभाव पाहिला, की शंभर वर्षांनी तेथे आइसलँडिक कोणाला समजणार नाही अशी भीती त्याने व्यक्त केली. त्याच्या पुढाकाराने १८१६ मध्ये आइसलँडिक साहित्य संस्था स्थापन झाली. हाच रास्क १८२० मध्ये मुंबईस आला होता व पारशी धर्मग्रंथांची मौल्यवान हस्तलिखिते त्याने येथून मिळविली.

हस्तलिखितांचा प्रश्न आइसलँडमध्येही जिव्हाळ्याचा होता. आर्नी माग्नुसन (१६६३-१७३०) याने शेतघरे पालथी घालून वासरांच्या कातड्यावर लिहिलेल्या पोथ्या गोळा केल्या व कोपनहेगनला नेल्या. १७२८ च्या आगीत त्याच्या संग्रहाचा काही भाग जळाला. उरलेल्या पोथ्या परत मिळाव्यात ही मागणी स्वातंत्र्यानंतर जोर धरू लागली. २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश युद्धनौकेतून पहिल्या दोन पोथ्या रेक्याविक बंदरात उतरल्या तेव्हा त्यांच्या स्वागतास हजारो लोक धक्क्यावर जमले. वसाहतवादी सत्तेने पूर्वीच्या अंकित देशास सांस्कृतिक ठेवा न्यायालयीन व संसदीय मार्गाने परत केल्याचे इतके ठळक उदाहरण विरळाच.

नव्या संकल्पनांसाठी देशी शब्द घडविण्याची आइसलँडिक परंपरा मराठी अभ्यासकास विशेष उद्‌बोधक ठरावी. कवी व निसर्गशास्त्रज्ञ योनास हाल्ग्रिमसन याने १८४२ मध्ये खगोलशास्त्रावरील ग्रंथाचा अनुवाद करताना अनेक संज्ञा घडविल्या. त्याचा जन्मदिवस १६ नोव्हेंबर हा १९९६ पासून भाषादिन म्हणून पाळला जातो. टेलिफोनला ‘सीमी’ म्हणतात. तार किंवा धागा या अर्थाचा हा विस्मृतीत गेलेला जुना शब्द पुन्हा वापरात आणला गेला. विजेला ‘तृणमण्याची शक्ती’ अशा अर्थाचा शब्द आहे. कॉम्प्युटरसाठी अंक या अर्थाच्या शब्दाचा भविष्य सांगणारी स्त्री या अर्थाच्या ‘व्होल्वा’ शब्दाशी संयोग करून ‘टोल्वा’ हा शब्द विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात बनविण्यात आला व तो सार्वत्रिक झाला.

मराठीतही दूरध्वनी, संगणक, महापौर, चित्रपट असे शब्द घडविले गेले. त्यांपैकी काही रुळले, काही शासकीय पत्रव्यवहारापुरते राहिले. घरात दूरध्वनी वाजत नाही, फोन वाजतो. आइसलँडिक शब्द बोलण्यात का उतरले याचे एक कारण उघड आहे. ते बहुधा आखूड आहेत आणि शेतकऱ्यास ठाऊक असलेल्या धातूंपासून बनले आहेत, तर मराठीतील नवे शब्द बहुधा संस्कृतातून तयार होऊन वरून खाली येतात. दुसरे कारण व्याकरणाचे. आइसलँडिक नामास चार विभक्ती व तीन लिंगे यांचे प्रत्यय लागत असल्याने परका शब्द वाक्यात अवघडून उभा राहतो. तथापि ही यशोगाथा निर्दोष नाही. पिझ्झासाठी सुचविलेला ‘चपटी भाजणी’ या अर्थाचा शब्द लोकांनी स्वीकारला नाही. कॉफी व केळे यांनाही परकी नावेच आहेत.

बदललेली परिस्थिती

विसाव्या शतकात या देशाचे दारिद्र्य झपाट्याने संपले. यंत्रनौका आल्या, माशांची निर्यात वाढली आणि ब्रिटनशी झालेल्या तीन ‘कॉड युद्धां’नंतर १९७६ मध्ये २०० सागरी मैलांच्या क्षेत्रावरील हक्क प्रस्थापित झाला. कोकणात ज्यांना ‘उन्हाळे’ म्हणतात तशा गरम झऱ्यांचे व भूगर्भातील उष्ण पाण्याचे नळ घरोघर गेले. आज सुमारे नव्वद टक्के घरे याच पाण्याने उबदार ठेवली जातात व जवळजवळ सर्व वीज जलशक्ती व भूऔष्णिक शक्तीपासून मिळते. ऑक्टोबर २००८ मध्ये देशातील तीन मोठ्या बँका एका आठवड्यात कोसळल्या. त्यातून सावरताना पर्यटनाने मोठा हात दिला. २०१० मध्ये पाच लाखांच्या आत असलेली वार्षिक पर्यटकसंख्या काही वर्षांतच वीस लाखांपलीकडे गेली.

पर्यटनाबरोबर इंग्रजी आली. उपाहारगृहे, हॉटेले व बांधकाम यांसाठी कामगार बाहेरून आले. त्यांत पोलंडमधील सर्वाधिक आहेत. १९९६ मध्ये लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास असलेले स्थलांतरित २०२४ मध्ये सुमारे १८ टक्के झाले. रेक्याविकच्या मध्यवस्तीत कॉफी मागावयाची तर ती इंग्रजीत मागावी लागते, अशी तक्रार वयस्क नागरिक करतात. दिव्याजवळ बसून वाचणाऱ्याची जागा दृक्‌श्राव्य माध्यमांनी घेतली आणि ती माध्यमे बहुतांशी इंग्रजी बोलतात. नाताळच्या आधी पुस्तकांचा महापूर येण्याची व भेट म्हणून पुस्तक देण्याची प्रथा अजून चालू आहे. पण २०२२ च्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत आइसलँडमधील पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुले वाचनाची किमान पातळी गाठू शकली नाहीत. ज्या समाजाने शाळेवाचून साक्षरता मिळविली त्याच्या शाळांतून असा निष्कर्ष यावा, ही तेथील शिक्षकांना अस्वस्थ करणारी बाब आहे.

२०११ मध्ये कायद्याने आइसलँडिकला राष्ट्रभाषेचा दर्जा देण्यात आला. तोपर्यंत तशी गरजच कोणास वाटली नव्हती. कायद्यापेक्षा कठीण प्रश्न ऐकण्याच्या सवयीचा आहे. हजार वर्षे सर्वांनी एकाच ढंगाने बोललेल्या भाषेत परदेशी उच्चार, चुकलेली विभक्ती ऐकण्याची सवय आइसलँडरांच्या कानास नाही. समोरचा अडखळला की ते सौजन्याने इंग्रजीकडे वळतात आणि शिकू पाहणाऱ्याचा मार्ग तेथेच बंद होतो. रुग्णसेवा व बालसंगोपन यांत आज मोठ्या संख्येने स्थलांतरित स्त्रिया काम करीत असल्याने लहान मुलांच्या व वृद्धांच्या कानांवर पडणारी भाषा यापुढे तशीच असणार आहे.

यंत्रांना आइसलँडिक समजावी यासाठी शासनाने २०१९ मध्ये भाषा-तंत्रज्ञानाचा कार्यक्रम हाती घेतला. नागरिकांनी संकेतस्थळावर जाऊन दिलेली वाक्ये मोठ्याने वाचावीत व आपला आवाज दान करावा, असे आवाहन करण्यात आले. शाळाशाळांत त्याच्या स्पर्धा झाल्या. या संग्रहात प्रौढांबरोबर मुलांचे आवाज स्वतंत्रपणे गोळा करण्यात आले, आणि ज्यांची मातृभाषा आइसलँडिक नाही अशांचेही.